दोन कागद एका नजरेत

महिन्याची १४ तारीख उजाडली की आमच्यासारख्या कर सल्लागारांच्या ऑफिसात दुसरं काम सुचत नाही. जीएसटीच्या पोर्टलवर त्या दिवशी दरमहा विवरण भरणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याचं 'टू-बी' तयार होतं. त्याला माल विकणाऱ्यांनी आपापल्या विवरणात कोणकोणती बिलं दाखवली, त्याची ही यादी. ती यादी आणि व्यापाऱ्याच्या स्वतःच्या हिशेबातलं खरेदी रजिस्टर यांचा मेळ घालायचा आणि २० तारखेच्या आत 'थ्री-बी' हे विवरण भरून मोकळं व्हायचं. १ जानेवारी २०२२ पासून कायदाच असा आहे, की जे बिल टू-बीत दिसत नाही त्यावर भरलेल्या कराचं क्रेडिट घेता येत नाही. इचलकरंजीतला सुताचा व्यापारी असो की चार माग चालवणारा यंत्रमागधारक, त्याच्यासाठी हा रोकडा पैसा आहे. "ताई, माल आलाय, पैसे दिलेत, मग क्रेडिट का नाही?" या प्रश्नाला उत्तर द्यायचं तर नेमकं कोणतं बिल कुठे अडलं, हे आम्हाला दाखवता आलं पाहिजे.

हे उत्तर सापडतं ते दोन याद्या शेजारी ठेवल्यावर. डावीकडे टू-बी, उजवीकडे रजिस्टर, आणि गरज पडली तर खाली कोपऱ्यात मूळ बिलाची पीडीएफ. म्हणून स्क्रीनवर दोन विंडो शेजारी कशा लागतात, ओढली की कडेला कशी चिकटते, न सांगता कधी मोठी होते, या गोष्टी कॉम्प्युटरची हौस असलेल्यांनी आपसात बोलायच्या आहेत असं मला मुळीच वाटत नाही. त्या आमच्या रोजच्या कामाच्या गोष्टी आहेत. आणि माझं मत असं आहे, की स्क्रीनवर काय कुठे असावं हे काम करणाऱ्या माणसाने ठरवायचं. त्याने ते एकदा ठरवलं की ऑपरेटिंग सिस्टीमने, वेबसाइटने किंवा रात्रीतून आलेल्या अपडेटने त्याला हात लावू नये.

एकच विंडो स्क्रीनभर उघडी ठेवायची आणि ऑल्ट-टॅब दाबत एका यादीतून दुसऱ्या यादीत उड्या मारायच्या, अशी जुळवणी करणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. तसं काम होत नाही असं नाही. पण प्रत्येक उडीला एक आकडा डोक्यात धरून न्यावा लागतो. जीएसटी नंबर १५ अक्षरांचा. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७. मग दहा अक्षरांचा पॅन. मग उरलेली तीन. बिलाचा नंबर १६ अक्षरांपर्यंत लांब असू शकतो आणि त्यात रेघा, तिरक्या रेघा, वर्ष, शाखेचं अक्षर असं काहीही असतं. हे सगळं क्षणभर डोक्यात धरून पलीकडे न्यायचं आणि तिथे पाचशे ओळींत शोधायचं. संध्याकाळी सहानंतर २,४६,७५० चं बिल पलीकडे पोचेपर्यंत २,६४,७५० झालेलं असतं. फरक १८,००० चा. हिशेबातली जुनी माणसं सांगतात, की फरकाला नऊने पूर्ण भाग गेला की आधी अंकांची अदलाबदल झालीय का ते बघा. ही युक्ती चूक शोधायला उत्तम आहे. पण दोन्ही आकडे एकाच वेळी डोळ्यांसमोर असतील तर ती चूक व्हायचं कारणच उरत नाही.

यावर हमखास विचारलं जातं, की एक्सेलचं सूत्र लावा, जुळवणीचं सॉफ्टवेअर घ्या, डोळे कशाला शिणवता? सूत्रं आम्ही लावतोच. सूत्र बरोबर तेवढंच जुळवतं जेवढं दोन्हीकडे सारखं लिहिलेलं आहे. सूत पाठवणाऱ्याने विवरणात '१०५' लिहिलं आणि आमच्या व्यापाऱ्याच्या मुनिमाने छापील बिलावरून 'एस/२४-२५/०१०५' असं पूर्ण लिहिलं, की सूत्र सांगतं, बिल नाही. गाडीभाडं बिलात धरलं की वेगळं लावलं, पैसे पूर्णांकात केले की तसेच ठेवले, बिल मार्चचं पण माल एप्रिलमध्ये उतरला, एकाच मालकाच्या दोन फर्मांपैकी भलत्याच फर्मच्या नावावर बिल चढलं. या ओळी शेवटी उरतात. एकूण बिलांत त्या थोड्या असतात, पण वेळ त्याच खातात आणि भांडणंही त्यांवरूनच होतात. तिथे माणसाची नजर लागते, आणि ती नजर एकदम दोन्ही कागदांवर पडावी लागते.

कॉम्प्युटर येण्याआधी पेढ्यांवर हेच काम दोघं मिळून करायची. एक जण बिलं मोठ्याने वाचायचा, दुसरा वहीत बोट फिरवत टिक मारायचा. आज एकटी मुलगी ते काम करते, ते स्क्रीनचे दोन भाग करता येतात म्हणून. त्यामुळे कोणी ही सोय म्हणजे वरवरचा थाट आहे असं बोललं, की मला राहवत नाही.

या सोयीचा इतिहासही उलटसुलट आहे. नोव्हेंबर १९८५ मध्ये विंडोजची पहिली आवृत्ती बाजारात आली तेव्हा तिच्यातल्या विंडो एकमेकींवर चढतच नव्हत्या. फरशा बसवाव्यात तशा त्या शेजारी-शेजारी लागायच्या. १९८७ च्या डिसेंबरात दुसरी आवृत्ती आली आणि विंडो एकमेकींवर ठेवता येऊ लागल्या. लोकांना ते आवडलं आणि तीच रीत पडली. मधल्या काळात, १९८६ मध्ये, सारा ब्लाय आणि जॅरेट रोझेनबर्ग या संशोधकांनी दोन्ही पद्धती माणसांकडून काम करून घेऊन तपासल्या. त्यातून दिसलं ते असं, की कोणतीच एक पद्धत सगळ्या कामांना सरस ठरत नाही. काम कसलं आहे आणि करणारा किती सरावलेला आहे, यावर ते अवलंबून असतं. इतक्या जुन्या, इतक्या साध्या निष्कर्षाकडे नंतरच्या अनेक आवृत्त्यांनी पाठ फिरवली याचं मला वाईट वाटतं. प्रत्येक वेळी कोणाला तरी वाटत राहिलं, की आता सगळ्यांसाठी एकच योग्य पद्धत आपल्याला सापडली.

आमच्या कामात खरा फरक पडला तो ऑक्टोबर २००९ मध्ये, विंडोज ७ आल्यावर. विंडो माउसने ओढून कडेला नेली की ती अर्ध्या स्क्रीनवर चिकटून बसू लागली. त्याहून मोलाचं म्हणजे कीबोर्डवरची विंडोजची कळ आणि डावा बाण दाबला की डावा अर्धा भाग, उजवा बाण दाबला की उजवा. आमच्या धंद्यातली माणसं टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमुळे कीबोर्डवरच वाढलेली. माउसला हात न लावता दोन कागद समोरासमोर येतात हे ज्याने बनवलं, त्याने हिशेबनिसांचं मोठंच काम हलकं केलं. जुलै २०१५ च्या विंडोज १० मध्ये चार कोपऱ्यांत चार विंडो बसू लागल्या, आणि ऑक्टोबर २०२१ च्या विंडोज ११ मध्ये मोठं करण्याच्या चौकोनावर माउस नेला की तयार मांडण्यांचा तक्ता उघडू लागला. शेजारी लावलेल्या विंडोंचा गट लक्षात ठेवून तो गट एकदम परत आणायची सोयही तिथेच आली. ती मला फार उपयोगी वाटते: मध्येच फोन येतो, दुसऱ्या व्यापाऱ्याची फाइल उघडावी लागते, आणि नंतर पहिल्याची मांडणी एका क्लिकवर जशीच्या तशी मिळते. मॅकवर कडेला ओढून विंडो चिकटवण्याची सोय थेट सप्टेंबर २०२४ च्या सिकोया आवृत्तीत आली. त्याआधी २०१५ पासून दोन विंडो शेजारी लागत होत्या, पण सगळी स्क्रीन त्या दोघींना देऊन टाकावी लागे. बाकी कामासाठी लोक रेक्टँगल, मॅग्नेट अशी वेगळी ॲप घालत राहिले. इतकी साधी गोष्ट, तिला १५ वर्षं लागली.

आणखी एक बदल फारसा कोणी बोलून दाखवत नाही, पण मला तो सगळ्यांत मोठा वाटतो. एक्सेल २०१० पर्यंत सगळ्या फाइली एकाच मोठ्या विंडोच्या पोटात उघडायच्या. त्यामुळे विंडोज ७ असूनही एक्सेलच्या दोन फाइली डाव्या-उजव्या बाणाने वेगळ्या करता येत नव्हत्या. आतल्या आत मांडाव्या लागत. एक्सेल २०१३ मध्ये प्रत्येक फाइलला स्वतःची विंडो मिळाली आणि त्या दिवसापासून टू-बी आणि रजिस्टर खऱ्या अर्थाने शेजारी आले. त्यातच 'व्ह्यू'मध्ये दोन फाइली बरोबरीने खालीवर सरकवायची जुनी सोय आहे. दोन्ही याद्या आधी जीएसटी नंबरवर आणि मग तारखेवर लावून घेतल्या आणि ही सोय चालू केली, की एका यादीबरोबर दुसरी आपोआप सरकते. ज्यांना ठाऊक नाही त्यांनी उद्याच करून बघावं.

आता तक्रार. विंडो कडेला चिकटणं हे हवं तेव्हा वरदान आणि नको तेव्हा छळ आहे. पीडीएफ जरा वर सरकवायला म्हणून ओढावी, माउस वरच्या कडेला टेकावा आणि ती एकदम स्क्रीनभर पसरावी. मागची यादी गायब. नवीन मुलगी घाबरून विचारते, "मॅडम, ही मोठी का झाली? मी काही केलंच नाही." ती खरं बोलत असते. तिने मोठी करायला सांगितलेलंच नव्हतं. दुसरा प्रकार असा, की एक विंडो डावीकडे लावली की उजव्या अर्ध्या भागात उरलेल्या सगळ्या विंडोंची लहान चित्रं उभी राहतात आणि यातली कोणती घेऊ असं विचारलं जातं. ज्याला उजवीकडे काय ठेवायचंय ते आधीच ठाऊक आहे, त्याच्या कामात हा खोडा आहे. ज्याला नुसती एक विंडो बाजूला सारायची होती, त्याच्या कामात तर आहेच.

म्हणून ज्यांना हे सगळं बंद हवं असतं त्यांच्या बाजूनेही मी उभी आहे. सेटिंग्ज, सिस्टीम, मल्टिटास्किंग या वाटेने गेलं की तिथे 'स्नॅप'चा, म्हणजे या चिकटण्याचा, खटका आहे आणि त्याच्या खाली प्रत्येक वागणुकीची वेगळी टिकही आहे. चित्रं दाखवणं बंद करून कडेला चिकटणं चालू ठेवता येतं. हे विंडोजने चांगलं केलं आहे आणि तसं म्हटलंच पाहिजे. पण ही वाट माहीत असलेला माणूस आमच्या बाजारपेठेत शोधून सापडत नाही. लोक वर्षानुवर्षं वैतागत राहतात आणि कॉम्प्युटर असाच असतो असं धरून चालतात. पहिल्यांदा असं न मागता घडलं की तिथल्या तिथे, त्याच विंडोपाशी, 'हे नको' म्हणता यायला हवं. सेटिंग्जच्या तिसऱ्या पायरीवर नव्हे.

त्याहून जास्त राग येतो तो शिकलेली सवय मोडण्याचा. विंडोज ९५ पासून खालच्या पट्टीवर उजवं क्लिक केलं की सगळ्या विंडो रांगेत किंवा शेजारी लावायच्या आज्ञा मिळायच्या. विंडोज ११ आलं आणि त्या आज्ञा तिथून गेल्या. कमी उंचीच्या स्क्रीनवर चार ओळी जास्त दिसाव्यात म्हणून ती पट्टी डाव्या कडेला उभी ठेवणारी माणसं होती; विंडोज ११ ने तीही मुभा काढून घेतली. त्याआधी विंडोज ८ मध्ये नव्या धर्तीच्या ॲपना शेजारी बसवायचं तर एकीला ३२० पिक्सेलची चिंचोळी पट्टी मिळे आणि दुसरीला उरलेलं सगळं. अर्धं-अर्धं नाहीच, आणि १३६६ पिक्सेलपेक्षा अरुंद स्क्रीनवर तर तेही नाही. वर्षभरात, विंडोज ८.१ मध्ये, हे सुधारावं लागलं. फोनवरही हाच प्रकार. ऑगस्ट २०१६ मध्ये अँड्रॉइड ७ ने चौकोनी बटण दाबून धरलं की स्क्रीन दुभंगायची सोय दिली. लोक ती शिकले. २०१८ च्या अँड्रॉइड ९ मध्ये ती कृतीच बदलली. आता अलीकडच्या ॲपच्या यादीत जाऊन वरच्या चिन्हावर टिचकी मारायची आणि मग पर्याय निवडायचा. व्हॉट्सॲपवर आलेला बिलाचा फोटो वर आणि नोंदींचं ॲप खाली ठेवून काम करणाऱ्या दुकानदाराला वाटलं, सोयच काढून टाकली. त्याला कोणी सांगितलंच नाही.

अशा प्रत्येक बदलाची किंमत त्या कंपनीच्या ताळेबंदात कुठेच दिसत नाही. ती आमच्या ऑफिसात दिसते, १४ ते २० तारखेच्या मधल्या सहा दिवसांत. हाताला पडलेली सवय ही कामगाराची मिळकत आहे. ती बदलायचीच असेल तर जुनी रीत निदान काही वर्षं नव्या रीतीच्या शेजारी जिवंत ठेवावी.

दोष एकट्या ऑपरेटिंग सिस्टीमचाही नाही. आमच्या भागातल्या ऑफिसांत १३६६ गुणिले ७६८ पिक्सेलची स्क्रीन अजून भरपूर आहे. तिचा अर्धा भाग म्हणजे ६८३ पिक्सेल. चांगल्या १९२० पिक्सेलच्या लॅपटॉपवरही अक्षरं वाचता यावीत म्हणून १२५ टक्के मोठी केलेली असतात. मग ती स्क्रीन वेबसाइटला १५३६ चीच दिसते आणि अर्धा भाग ७६८ उरतो. एवढ्या रुंदीवर पुष्कळशा वेबसाइट स्वतःला फोनवर आहोत असं समजतात. डावीकडचा मेनू तीन आडव्या रेघांत दडतो, तक्त्याचे रकाने एकाखाली एक पडतात, आणि जुळवायला घेतलेली यादी यादीच राहत नाही. एका सरकारी पोर्टलवर तर अर्ध्या विंडोत 'पुढे' हे बटणच स्क्रीनच्या बाहेर जायचं आणि आडवं सरकवायची पट्टीही मिळायची नाही. मग विंडो मोठी करा, बटण दाबा, परत अर्धी करा. दर पानाला हेच. पोर्टल बनवणाऱ्याने ते बहुधा आपल्या मोठ्या मॉनिटरवर पाहिलं असेल आणि मग फोनवर. मधली रुंदी, जिच्यावर देशभरातले हिशेबनीस कागद शेजारी ठेवून बसतात, ती कोणी तपासलेलीच नसते.

दुसरा मॉनिटर घ्या, हा सल्ला चांगला आहे आणि ज्याला परवडतो त्याने तो जरूर घ्यावा. माझ्या ऑफिसात काही टेबलांवर तो आहे. पण तिथेही मांडणीचा प्रश्न सुटत नाही. लॅपटॉपची वायर काढून व्यापाऱ्याच्या गोदामावर जाऊन आलं, की सगळ्या विंडो एका स्क्रीनवर गोळा होऊन बसलेल्या असत. विंडोज ११ मध्ये मॉनिटर परत जोडल्यावर विंडो आपल्या जुन्या जागी जातात, त्यासाठी डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये एक टिक आहे. ही टिक कोणा विचारी माणसाने घातली असणार. मांडणी माणसाची आहे आणि ती त्याला परत मिळाली पाहिजे, हे त्याला कळलं होतं.

राहिला शिकवण्याचा प्रश्न. बी.कॉम. होऊन आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक मुलामुलींनी एमएस-सीआयटी केलेलं असतं. त्यांना पत्राचा मसुदा येतो, तक्त्याची बेरीज येते, स्लाइडवर चित्र घालता येतं. दोन फाइली शेजारी ठेवून एकीवरून दुसरी तपासायची, हे मात्र त्यांना येऊन बसल्यावर शिकवावं लागतं. त्यांचा दोष नाही. संगणकाच्या शिक्षणात आपण कागद तयार करायला शिकवतो, कागद तपासायला शिकवत नाही. आणि प्रत्यक्ष नोकरीत तयार करण्यापेक्षा तपासण्याचं काम कितीतरी पट जास्त असतं. तलाठी कार्यालयात अर्ज आणि उतारा, बँकेत फॉर्म आणि ओळखपत्र, दवाखान्यात बिल आणि विम्याची मंजुरी, शाळेत जुनं रजिस्टर आणि ऑनलाइन नोंद. सगळीकडे दोन कागद. कोणत्याही प्राथमिक संगणक वर्गात पहिल्याच आठवड्यात विंडोजची कळ आणि चार बाण शिकवावेत, मधली रेघ ओढून दोन्ही भाग एकदम लहानमोठे करायला लावावेत, नको असेल तर हे बंद कुठून होतं तेही दाखवावं, आणि परीक्षेत दोन याद्या देऊन त्यांतल्या पाच चुका शोधायला सांगावं. हे शिकवायला एक तास पुरतो.

आणि सरकारी पोर्टलचं काम ज्या कंपन्यांना दिलं जातं, त्यांच्या करारात एक ओळ घालावी: प्रत्येक पान ६८३ पिक्सेल रुंदीच्या विंडोत, शेजारी एक्सेलची यादी उघडी ठेवून, पहिल्या रकान्यापासून शेवटच्या बटणापर्यंत भरून दाखवावं, आणि ते भरून दाखवणारी व्यक्ती त्या कंपनीची नसावी, रोज विवरणं भरणाऱ्या एखाद्या ऑफिसातली असावी.